नाव काढण्याचा अधिकार

'नाव काढणे' या शब्दांना आमच्या भाषेत दोन अर्थ आहेत. मुलाने घराण्याचे नाव काढले, असे कोणी म्हटले की आईबापांना धन्य वाटते. मुलाचे नाव शाळेतून काढले, असे म्हटले की त्याच आईबापांची मान खाली जाते. आम्हाला आज या दुसऱ्या अर्थाविषयी लिहावयाचे आहे, आणि स्पष्टच सांगावयाचे तर त्यामागची नामुष्की निष्कारण आहे असे आमचे म्हणणे आहे.

निमित्त घडले ते असे. गेल्या पावसाळ्यात एका देवस्थानच्या सभामंडपात विद्यार्थ्यांचा गुणगौरव समारंभ झाला. प्रमुख वक्ते निवृत्त प्राध्यापक होते. वाणी ओघवती, वय आदरणीय. बोलता बोलता ते ऑनलाइन शिक्षणाकडे वळले आणि म्हणाले की, जगातील नामांकित विद्यापीठांचे अभ्यासक्रम घरबसल्या शिकण्याची सोय झाली असता शंभरांतले सत्त्याण्णव विद्यार्थी ते मध्येच सोडून देतात. ही पिढीच धरसोडीची, हिच्या हातून काहीही तडीस जाणे नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. समोर सतरंजीवर बसलेली मुले मात्र खाली पाहू लागली. आम्हीही त्या सभेत होतो. टाळ्या वाजवल्या नाहीत, एवढेच आमचे त्या वेळचे धैर्य. यजमानांच्या घरी जेवण व्हावयाचे असल्याने उठून बोलण्याचा धीर झाला नाही. ती उणीव आज लेखणीने भरून काढीत आहोत.

प्रथम त्या सत्त्याण्णवांचा हिशेब पाहू. हा आकडा वक्त्यांनी मनाने रचलेला नव्हे. हार्वर्ड आणि एम. आय. टी. या दोन अमेरिकी संस्थांनी २०१२ साली 'एडएक्स' नावाचा शिक्षणमंच उभारला. त्यावरील त्यांच्या अभ्यासक्रमांच्या सहा वर्षांच्या नोंदी जस्टिन राइख आणि होसे रुइपेरेस-व्हालिएन्ते या संशोधकांनी तपासल्या व आपला निष्कर्ष जानेवारी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. २०१७-१८ या वर्षी अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ३.१३ भरले. आमच्या वक्त्यांचे सत्त्याण्णव येथून आले असावेत. परंतु त्याच लेखातील दुसरा आकडा त्यांनी वाचला नाही, किंवा वाचून सांगितला नाही. नाव नोंदवणाऱ्यांपैकी शेकडा ५२ जणांनी त्या अभ्यासक्रमात एकदाही पाऊल टाकले नव्हते. जो वर्गात शिरलाच नाही त्याने वर्ग सोडला, असे कोणत्या न्यायाने म्हणावयाचे? जत्रेत ज्या दुकानावरून माणूस नुसता पुढे गेला, त्या दुकानदाराने त्याच्या नावे उधारी मांडावी, तशातला हा प्रकार. शिवाय ज्यांनी प्रमाणपत्रासाठी आगाऊ पैसे भरले होते, त्यांच्यात पुरे करणाऱ्यांचे प्रमाण त्याच वर्षी शेकडा ४६ होते. माणसे तीच, काळ तोच. मग धरसोड केवळ फुकट शिकणाऱ्यांच्याच रक्तात कशी आली?

खरी गोष्ट अशी की, येथे नाव घालणे हे पूर्वीसारखे नाव घालणे राहिलेच नाही. शाळेत नाव घालावयाचे म्हणजे वडिलांनी मुलाचे बोट धरून जावे, गुरुजींनी जन्मतारीख विचारावी, पटावर शाईने नाव चढावे. आज बोटाच्या एका स्पर्शात नाव चढते, आणि ते चढावे यासाठी त्या मंचावरील प्रत्येक चौकट, प्रत्येक रंग, प्रत्येक अक्षर राबत असते. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्व्हिग यांनी २०११ च्या शरदात कृत्रिम बुद्धिमत्तेचा अभ्यासक्रम सर्वांसाठी खुला केला, तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार नावे आली आणि सुमारे २३ हजार विद्यार्थ्यांनी तो पुरा केला. जगाने त्या पहिल्या आकड्याचाच गजर केला. तेव्हापासून या व्यवहाराचे मोजमाप नावांच्या संख्येवर होऊ लागले. ज्याची प्रतिष्ठा नावांच्या संख्येवर उभी आहे, तो नाव काढण्याची वाट रुंद का ठेवील? हे आमचे अनुमान आहे. परंतु पुढील हकीगत वाचून वाचकांनीच काय ते ठरवावे.

आमची भाची बेळगावला एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपूर्वी तिने बालशिक्षणाच्या एका अभ्यासक्रमात नाव घातले. कंपनीचे नाव आम्ही घेत नाही; तिच्यासारख्या आणखीही असतील. पहिले सात दिवस फुकट, त्यानंतर मासिक वर्गणी. तिसऱ्या आठवड्यात तिच्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, आणि घर, शाळा व इस्पितळ या तिन्हींच्या फेऱ्यांत अभ्यास बाजूला पडला. तिने मोबाइलमधून ते ॲप काढून टाकले आणि आपण मोकळे झालो असे समजली. वर्गणी कापली जातच राहिली. तीन महिन्यांनी बँकेचे पुस्तक पाहताना ही गोष्ट ध्यानी आली, तेव्हा तिने संगणकावर ते खाते उघडून 'अभ्यासक्रम सोडा' हे बटण शोधून दाबले. पुढल्या महिन्यात पुन्हा पैसे गेले. कारण काय, तर अभ्यासक्रम सोडणे निराळे आणि वर्गणी थांबवणे निराळे! मग ती खातेच पुसावयास गेली. तेथे उत्तर मिळाले की, चालू वर्गणी असताना खाते पुसता येत नाही. वर्गणी थांबवण्याचे पान सापडले ते चौथ्या दालनाआड, आणि तेथे प्रत्येक पायरीवर एक प्रश्न: का सोडता? निम्म्या किमतीत राहाल का? एक महिना विश्रांती घ्याल का? इतके करून तुम्ही आपले भविष्य सोडीत आहात, हे ठाऊक आहे ना?

ती आम्हाला म्हणाली, "मामा, पैशांचे जाऊ दे. पण त्या शेवटच्या प्रश्नाने मला रडू आले. सासूबाईंचे अंथरूण बदलून मी नुकती बसले होते."

हा प्रश्न यंत्राने विचारला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. तो कोणी तरी माणसाने बसून लिहिला आहे. सोडणाऱ्याच्या मनात अपराधाची भावना आहे हे त्याला ठाऊक होते, आणि त्या भावनेचे त्याने पैसे केले. ती भावना त्याला आयती कोणी पुरवली? सभामंडपात टाळ्या घेणाऱ्यांनी. आमचा रोख कंपनीइतकाच या वडीलधाऱ्यांवर आहे तो याचसाठी. एकाने 'सोडणारा तो नादान' असे मुलांच्या मनावर बिंबवावे आणि दुसऱ्याने त्याच धाकावर दरमहा वसुली करावी, अशी ही नकळत झालेली भागीदारी आहे.

येथे थोडा व्यवहार सांगणे अवश्य आहे, कारण आमचे कित्येक वाचक नातवंडांच्या नावाने अशा वर्गण्या भरतात. सोडणे या एका शब्दात चार निरनिराळ्या क्रिया दडलेल्या आहेत. अभ्यासक्रमाच्या पटावरून नाव काढणे ही एक. वर्गणी थांबवणे ही दुसरी. भरलेले शुल्क परत मागणे ही तिसरी. आणि खाते व त्यातील माहिती पुसून घेणे ही चौथी. एक केल्याने दुसरी होत नाही, आणि ॲप काढून टाकल्याने तर यांपैकी एकही होत नाही. शुल्क परत मागण्याची मुदत बहुधा थोडी असते: 'उडेमी'वर तीस दिवस, 'कोर्सेरा'वर एकरकमी भरलेल्या शुल्काला चौदा दिवस. खाते पुसण्यापूर्वी मिळालेली प्रमाणपत्रे उतरवून घ्यावीत, अन्यथा खात्याबरोबर तीही हातची जाण्याचा संभव. काहीच साधले नाही तर बँकेकडे जावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेची सूचना किमान चोवीस तास आधी ग्राहकास द्यावी लागते आणि ती वसुली नाकारण्याची सोयही ठेवावी लागते. आमच्या भाचीलाही त्या सूचना येत होत्या. जाहिरात समजून तिने त्या वाचल्या नाहीत. ही तिची चूक, आणि ती तिने कबूल केली आहे. अखेर तिची सुटका बँकेनेच केली.

आता जुन्या व्यवस्थेकडे वळू, कारण वक्त्यांचा सारा भर 'पूर्वी असे नव्हते' यावर होता. पूर्वी काय होते? पूर्वी शाळा सोडणाऱ्याला दाखला मिळत असे. 'शाळा सोडल्याचा दाखला' हे शब्द आम्ही इतके सरावाने उच्चारतो की त्यांतील औदार्य आमच्या लक्षातच येत नाही. मूल चौथीतून सोडो की सातवीतून, बापाची बदली झाली म्हणून सोडो की शेतीवर हात हवा म्हणून, मुख्याध्यापक सही-शिक्क्यानिशी लिहून देत: अमुक तारखेस दाखल झाला, अमुक तारखेस गेला, अमुक इयत्तेत शिकत होता, प्रगती ठीक, वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचे कारण, असा एक रकानाही असे, आणि त्यात बहुधा 'पालकांचे इच्छेवरून' एवढेच लिहिले जाई. कोणी तुझे भविष्य विचारीत नसे. तो दाखला घेऊन मूल दुसऱ्या शाळेच्या दारात ताठ मानेने उभे राहू शके. त्याने जेवढे शिकले तेवढे त्याचे झालेले असे.

ऑनलाइन अभ्यासक्रमांत हा दाखला नाही. बारा आठवड्यांपैकी नऊ आठवडे नेटाने शिकून जो थांबला आणि जो दारातूनच परतला, त्या दोघांचीही नोंद एकच: 'अपूर्ण'. या विराट खुल्या अभ्यासक्रमांना २००८ साली कॅनडात इंग्रजी आद्याक्षरांचे जे नाव पडले, त्याचा उच्चार योगायोगाने 'मूक' असा होतो. मराठी माणसाला त्यात हसू येते. पण सोडणाऱ्याच्या बाबतीत ते नाव अगदी शब्दशः खरे ठरले आहे.

आमच्या देशाच्या 'स्वयम्' या सरकारी मंचाचे उद्घाटन ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. तेथील शिक्षण विनामूल्य आहे, परीक्षेचे शुल्क तेवढे वेगळे. लुबाडणुकीचा आरोप त्यावर कोणी करणार नाही. त्यात एक शहाणपणही आहे. आय. आय. टी. आणि बंगळूरची विज्ञान संस्था मिळून 'एन. पी. टी. ई. एल.' या नावाने जे अभ्यासक्रम चालवतात, त्यांत बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमाचे बारांपैकी सर्वोत्तम आठच गृहपाठ गुणांसाठी धरतात. माणसाला ताप येतो, घरी कार्य निघते, वीज जाते, हे त्या नियमाने आधीच मान्य केले आहे. दोष आहे तो मंच आणि विद्यार्थी यांच्यामध्ये उभ्या असलेल्या महाविद्यालयांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली एका सत्रातील शेकडा ४० पर्यंत अभ्यासक्रम या मार्गाने शिकण्यास मुभा दिली. ही विद्यार्थ्याला दिलेली मुभा. परंतु काही ठिकाणी वर्गच्या वर्ग एका दुपारी बसवून, विषय प्राध्यापकांनी ठरवून, नावे चढवलेली आम्ही पाहिली आहेत. ज्याने नाव स्वतः घातलेच नाही, त्याने ते काढले तर त्याला चंचल कोण म्हणणार? आणि काढू म्हटले तर सांगतात, 'कॉलेजची आकडेवारी बिघडेल'. म्हणजे पुन्हा आकडाच.

कोणी म्हणेल, विद्या कष्टसाध्य आहे. निघण्याची वाट सोपी केली तर पहिल्याच कठीण धड्याला वर्ग ओस पडेल. हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि आम्ही तो टाळणार नाही. पहिल्या कठीण धड्याला अनेकांचे पाय लटपटतात, आणि त्या वेळी कोणी 'थांब, आणखी आठ दिवस बघ' म्हटले तर त्यांतले काही टिकतात, हे आम्ही स्वतः शिकवताना अनुभवले आहे. पण थांब म्हणणे वेगळे आणि कडी लावणे वेगळे. थांब म्हणणाऱ्या गुरुजींना विद्यार्थ्याचे नाव, त्याचे घर, त्याची अडचण ठाऊक असते. कडी लावणाऱ्याला केवळ त्याच्या बँकखात्याचा क्रमांक ठाऊक असतो. शिवाय ज्याला टिकावयाचे आहे तो उघड्या दारातही टिकतो. आमच्याकडे भजनाला रात्रभर बसणाऱ्यांना कोणी दार लावून घेऊन बसवलेले नसते.

विद्यार्थ्यावर चंचलतेचा शिक्का मारणाऱ्यांनी या मंचांचे स्वतःचे वर्तन एकदा पाहावे. 'कोर्सेरा'ने आपली जुनी यंत्रणा ३० जून २०१६ रोजी बंद केली आणि तिच्यावरील कितीतरी अभ्यासक्रम त्या दिवशी विद्यार्थ्यांच्या दृष्टीआड झाले. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने मार्च २०१७ मध्ये वीस हजारांहून अधिक व्याख्यानांच्या ध्वनि-चित्रफिती सर्वसामान्यांसाठी बंद केल्या. बहिऱ्या व इतर अपंग श्रोत्यांना त्या वापरता येत नाहीत असा ठपका सरकारने ठेवला होता. तेव्हा त्या दुरुस्त करण्यापेक्षा दार लावणे विद्यापीठाला स्वस्त वाटले. हार्वर्ड आणि एम. आय. टी. यांनी 'एडएक्स' २०२१ साली ऐंशी कोटी डॉलरांना 'टू-यू' या कंपनीला विकले आणि त्या कंपनीने जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. यांतील कोणालाही धरसोडीचा म्हणून कोणत्या सभेत हिणवल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्याला धोरण म्हणतात! मग सासूच्या आजारपणात अभ्यास सोडणाऱ्या शिक्षिकेलाही तिचे धोरण असू द्या की.

सुदैवाने कायदा आमच्या वडीलधाऱ्यांपेक्षा समंजस निघाला आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या तेरा प्रकारच्या मांडण्या निषिद्ध ठरवल्या. वर्गणीचा सापळा, म्हणजे आत येणे सोपे आणि बाहेर पडणे दुर्घट करून ठेवणे, हा त्यांतला एक. २०२३ च्याच वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने सांगितले की, संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सुलभ असले पाहिजे, आणि आपली माहिती पुसून मागण्याचा हक्कही नागरिकाला दिला. त्याचे नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी कंपन्यांना आणखी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. अमेरिकेत 'चेग' या शिक्षणकंपनीने वर्गणी रद्द करण्याची वाट अवघड केल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील व्यापार आयोगाशी पंचाहत्तर लाख डॉलरांची तडजोड केली. तेव्हा ही तक्रार एकट्या बेळगावच्या शिक्षिकेची नव्हे.

मात्र सोडणाऱ्याचेही एक कर्तव्य आहे, आणि ते सांगितल्यावाचून आमचा पक्ष लंगडा पडेल. आपल्याकडे पूजा मांडली की उत्तरपूजा होते. मूर्ती दीड दिवसाची असो की अकरा दिवसांची, तिला निरोप देऊनच उचलतात. दीड दिवसाच्या गणपतीला कोणी अपुरा म्हणत नाही. परंतु निरोप न देता मखरात तशीच ठेवलेली मूर्ती कोणाच्याही घरी शोभत नाही. अभ्यासक्रमाचेही तसेच आहे. कित्येक अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांनी एकमेकांचे निबंध तपासावयाचे असतात. न सांगता नाहीशा होणाऱ्यामुळे दुसऱ्या कोणाचा तरी निबंध तपासणीवाचून पडून राहतो. चर्चेत विचारलेल्या प्रश्नाला कोणी दूर देशीच्या माणसाने कळकळीने उत्तर लिहिलेले असते. जाताना ती देणी फेडावीत, शिक्षकाला दोन ओळी लिहाव्यात आणि मग नाव काढावे. आपले नाव पुसून घेण्याचा हक्क आपला. पण दुसऱ्याने दिलेले उत्तर आपल्या प्रश्नासकट उडवून देण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. नावाची पाटी उतरवावी, विहीर बुजवू नये.

बोलणे सोपे, म्हणून आमच्या घरचेही सांगतो. आमच्या गावच्या वाचनालयातर्फे मोडी लिपीचा एक ऑनलाइन वर्ग चालतो. शिकवणारे दोघे, त्यांतले एक आम्ही. तीन वर्षे आमच्या अर्जावर नाव, गाव, शिक्षण, मोबाइल, सगळे विचारलेले होते. वर्ग सोडावयाचा झाल्यास काय करावे, याची एकही ओळ नव्हती. भाचीची हकीगत ऐकून आम्ही कंपनीला शिव्या दिल्या आणि रात्री तो अर्ज डोळ्यांपुढे आला. गळालेल्या विद्यार्थ्यांची नावेही आम्ही वार्षिक अहवालातील एकूण संख्येत सरसकट मोजत होतो. यंदा ती वेगळी दाखवली; कार्यकारिणीतील दोघांनी संख्या घटल्याबद्दल कुरकूर केली. अर्जाच्या तळाशी आता एक चौकट आहे: 'मी अमुक तारखेपासून थांबत आहे.' ती भरून पाठवली की त्याच आठवड्यात नाव उतरते, उरलेले शुल्क परत जाते आणि जितके धडे झाले तितक्यांचा दाखला मिळतो. कारणाचा रकाना ठेवला आहे, सक्ती नाही.

आतापर्यंत पाच जणांनी ती भरली. एका गृहस्थांनी कारणाच्या रकान्यात 'दिसत नाही' असे लिहिले होते. आम्हाला वाटले, पडद्यावरची अक्षरे बारीक असतील, म्हणून दूरध्वनी केला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता; दिवाळीनंतर शस्त्रक्रिया करून घेणार होते. सतरा धड्यांचा दाखला त्यांनी टपालाने मागवला आहे.